नंबर तीनचं झबलं

माझ्या आयुष्यात मी एकदाच न्यायाधीश झालो, आणि तोही झबल्यांचा. चार झबली होती, तीन परीक्षक होते आणि नियम सगळे मी केलेले होते. माणसाने नियम करू नयेत असं माझं म्हणणं नाही. मी करू नयेत, एवढंच.

ही गोष्ट मुलुंडची, स्वराज्य अजून नवं होतं तेव्हाची. आमच्या चाळीच्या मागे भाताची खाचरं होती आणि त्यांच्यापलीकडे मिठागरं. वारा तिकडून आला की दोरीवरचे कपडे वाळायचे, पण चिकट व्हायचे. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं राहत होतो. मी, बायको, दोन मुलं आणि ताई.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचा नवरा लग्नानंतर दीड वर्षाने आफ्रिकेला गेला. पहिलं वर्ष पत्रं आली, दुसऱ्या वर्षी दोन आली, मग बंद झाली. मेला म्हणावं तर तसं कुणी कळवलं नाही, आहे म्हणावं तर तसंही नाही. ताई कुंकू लावायची आणि माझ्याकडे राहायची. आधी चाळीतल्या बायका विचारायच्या, "पत्र आलं का गं?" मग विचारायचं बंद झालं. त्या विचारीनाशा झाल्या तेव्हा ताईने शिवण शिकायला घेतलं.

ती उत्तम शिवायची. हे मी आज म्हणतो आहे. त्या वेळी मला त्यातलं काही कळत नव्हतं. अंगात घातलेला शर्ट उसवत नाही, एवढ्यावर माझं शिवणकलेचं ज्ञान संपत होतं.

आमच्या वसाहतीत महिला मंडळ होतं आणि त्याचा चिटणीस पुरुष होता. तो मी. याचं कारण म्हणजे मंडळाला कचेऱ्यांमध्ये अर्ज करावे लागत, ते इंग्रजीत लागत, आणि फोर्टातल्या एका कचेरीत कारकून असल्यामुळे मला 'आय हॅव द ऑनर टु' अशी सुरुवात तोंडपाठ होती. तेवढ्या भांडवलावर मी तीसेक बायकांचा चिटणीस होतो. हळदीकुंकवाला मला बाहेर बसवत आणि पन्हं बाहेर आणून देत.

त्या वर्षी माझ्या अर्जाला यश आलं. मंडळाला शिवणवर्ग मंजूर झाला, दोन मशिनं मिळाली, शाळेच्या मागची एक खोली मिळाली. आता शिकवायला बाई नेमायच्या होत्या. ज्या बाई नेमल्या जातील, त्यांच्याकडे त्या खोलीची किल्ली राहणार होती.

ताईला ती जागा हवी होती. असं ती कधी बोलली नाही. एकदाच, ताटं मांडता मांडता माझ्या बायकोला म्हणाली, "त्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. दुपारी उजेड डोळ्यावर येत नाही." बायकोने ते मला सांगितलं. मी म्हटलं, बरं. आमच्या घरात एक कुलूप होतं आणि त्याच्या दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक बायकोकडे. ताईला किल्ली लागत नव्हती, कारण ती कायम घरातच असायची. बाहेर कशाला जाईल, असा आमचा हिशेब. तो तिने कधी खोडून काढला नव्हता.

आता इथे मला कचेरीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुढे जे केलं ते निव्वळ मूर्खपणाचं वाटेल. होतंच ते, पण त्याला शिक्षण कारणीभूत होतं.

आमचे साहेब वांद्र्याचे ख्रिस्ती गृहस्थ. कडक, पण मराठी आमच्यापेक्षा मोकळी बोलायचे. कचेरीत टायपिस्टची एक जागा रिकामी झाली तेव्हा आलेल्या अर्जांवर टिपण करायचं काम माझ्याकडे आलं. मी सहा अर्जांपैकी एकाची शिफारस केली. कारणं लिहिली, मुद्देसूद लिहिली. टिपण परत आलं तेव्हा समासात निळ्या पेन्सिलीने एकच शब्द होता. बायस.

मी तो शब्द ऐकला नव्हता असं नाही. पण आपल्यावर लिहिलेला शब्द वेगळा दिसतो. मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, मी या माणसाला ओळखतसुद्धा नाही."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"बाकी पाच जणांचं गाव तू लिहिलं नाहीस. याचं लिहिलंस. राजापूर. तुझं गाव कुठलं?"

"राजापूरच. पण ते मी माहिती म्हणून..."

"तेच म्हणतो आहे मी," साहेब म्हणाले. "तुला ठाऊकच नाही."

मग त्यांनी मला बसायला सांगितलं, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. गोऱ्यांचा एक खेळ असतो म्हणाले, जिमखान्याच्या हिरवळीवर तरुणपणी त्यांनी पाहिलेला. लाकडी चेंडू घरंगळत सोडायचे आणि दूर ठेवलेल्या पांढऱ्या गोळीच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. पण चेंडू सगळीकडून सारखा नसतो. त्याची एक बाजू मुद्दामच जराशी वेगळी केलेली असते. तुम्ही सरळ सोडला तरी तो त्या बाजूला वळतो. त्या वळण्याला बायस म्हणतात.

"जोरात असतो तोपर्यंत सरळ गेल्यासारखा वाटतो," साहेब म्हणाले. "वेग संपत आला की वळतो. म्हणून खेळणाऱ्याने आधीच दुसरीकडे नेम धरायचा."

"किती दुसरीकडे, साहेब?"

"ते ज्याचं त्याला यायला लागतं."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. मला फक्त त्याच्या आधीचं ऐकू आलं. दुसरीकडे नेम धरायचा.

रेकॉर्डरूममध्ये एक जाडजूड शब्दकोश होता, त्यावर बहुधा चहाचे पेले ठेवत. मी पेले उचलून तो उघडला. शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आलेला. मूळ अर्थ तिरकस, तिरपी रेघ. त्याच्याही मागे कुठून आला यावर विद्वानांचं एकमत नाही, कुणी ग्रीककडे बोट दाखवतं, तेही खात्रीने नाही. आधी कापडाचा तिरका काप, मग त्या चेंडूचं वळण, आणि मग माणसाच्या मनाचा कल. म्हणजे हा शब्द कापडावरून चेंडूवर आणि चेंडूवरून माणसावर आला. आपला पक्षपात तसा नाही. पक्षपात करावा लागतो, तो करणारा कुणीतरी असतो, त्याला आपण काय करतो आहोत ते माहीत असतं. वशिल्याला तर दोन माणसं लागतात. हा इंग्रजी शब्द मात्र माणसाला न विचारता त्याच्या आत बसलेला असतो. मला तो फार आवडला. नवी चप्पल घातल्यासारखा मी तो आठवडाभर घालून हिंडलो.

रविवारी दुपारी ताईलाही सांगितला. ती खिडकीपाशी बसून काहीतरी कापत होती.

"बायस?" ती म्हणाली. "तो आमच्या पुस्तकात आहे की रे. बायस पट्टी. आपण उरेब म्हणतो."

"ते काय असतं?"

तिने एक चिंधी घेतली, माझ्या हातात दिली. "ओढ. सरळ ओढ, धाग्याच्या बाजूने."

मी ओढली. चिंधी होती तेवढीच राहिली.

"आता कोपऱ्यात धर आणि तिरकी ओढ."

चिंधी लांबली. सोडली तर परत आली.

"गळ्याला लावायची पट्टी अशी तिरकी कापावी लागते," ताई म्हणाली. "गळा गोल असतो ना. सरळ कापलेल्या पट्टीला वळता येत नाही. लावलीस तर चुण्या पडतात. तान्ह्या पोराला टोचतात त्या."

"म्हणजे तिरकं कापलं की बरोबर बसतं?"

"गळ्याला. बाकी ठिकाणी सरळच लागतं." तिने चिंधी परत घेतली. "तुझ्या साहेबाने हे नाही सांगितलं?"

साहेबांनी सांगितलं नव्हतं. साहेबांना झबल्याशी काही कर्तव्य नव्हतं.

शिवणबाईंच्या नेमणुकीची परीक्षा ठरली तेव्हा मी नियम लिहायला बसलो. चार उमेदवार होत्या. प्रत्येकीने एका सकाळी शाळेच्या वर्गात बसून एक झबलं शिवायचं. झबल्याला नाव नाही, फक्त नंबराची चिठ्ठी टाचायची, आणि कुठला नंबर कुणाचा हे पाकिटात बंद राहील. तीन परीक्षक. प्रत्येकाचे पंचवीस मार्क. परीक्षकांनी आपापसात बोलायचं नाही. मार्क चिठ्ठीवर लिहून घडी करून द्यायचे, एकदा घडी केली की बदलायचे नाहीत. आणि शेवटी सगळ्यांचे मार्क, कुणी कुणाला किती दिले त्यासकट, फलकावर लावायचे. हा शेवटचा नियम लिहिताना मला स्वतःबद्दल जो आदर वाटला, तसा त्याआधी वाटला नव्हता आणि नंतर तर प्रश्नच आला नाही.

परीक्षक म्हणजे मंडळाच्या अध्यक्षबाई, स्टेशनजवळ दुकान असलेले मालवणी शिंपी मास्तर आणि चिटणीस या नात्याने मी.

"तुम्ही कशाला?" बायको म्हणाली. "ताई बसणार आहेत ना परीक्षेला?"

"नंबर आहेत ना. मला कळणारच नाही कुठलं कुणाचं."

"अहो, तरी तुम्ही नकाच होऊ. लोक बोलतील."

ताई आतून म्हणाली, "असू दे गं. तो असला तर निदान मला मुद्दाम कुणी पाडणार नाही."

मी राहिलो.

परीक्षेच्या दिवशी दुपारी आम्ही तिघे शाळेमागच्या त्या खोलीत जमलो. उमेदवार आपापलं झबलं देऊन घरी गेल्या होत्या. टेबलावर चार झबली पालथी मांडलेली, प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी. मास्तरांनी चष्मा पुसला. मी नियम वाचून दाखवले. अध्यक्षबाई एका डॉक्टरांच्या पत्नी होत्या, समजूतदार आणि सभ्य. त्यांनी सगळे नियम मान हलवत ऐकले.

तीन नंबरचं झबलं हातात आलं आणि मला कळलं. ताईची काजं मी रोज पाहत होतो. काज पुरं करताना ती त्याच्या एका टोकाला आडवा टाका घालायची आणि त्यावर तिळाएवढी गाठ घ्यायची, काज फाटू नये म्हणून. बाकी कुणी तसं करत नव्हतं. या झबल्याच्या पाठीला तीन काजं होती आणि तीन तीळ.

मी ते खाली ठेवलं. मास्तरांनी उचललं, उलटं केलं, आतली शिवण पाहिली, गळ्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या छातीकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या छातीकडे. मला वाटलं, शर्टावर आमटी सांडली आहे. मी खाली पाहिलं.

पांढरा शर्ट. ताईने दिवाळीला शिवलेला. सकाळी इस्त्री करून तिनेच दिलेला. पुढे सहा काजं, सहा तीळ.

म्हणजे नाव झाकायला मी पाकीट आणलं होतं आणि नाव अंगात घालून आलो होतो.

"नंबर लावल्यात तरी हात लपता काय?" मास्तर हळूच म्हणाले.

"परीक्षकांनी बोलायचं नाही," मी म्हटलं.

मी माझी चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी गेलो.

तिथे मी जो विचार केला तो मला अजून शब्दन् शब्द आठवतो, आणि आठवला तरी आता काही होत नाही. मला ताईचं झबलं चांगलं वाटतंय. चांगलं वाटतंय कारण ते ताईचं आहे. गावाचं नाव लिहिलं तेव्हाही मला काही कळलं नव्हतं. तेव्हा आता दुसरीकडे नेम धरला पाहिजे.

नंबर एकचं झबलं मी पुन्हा पाहिलं. दिसायला नीटनेटकं होतं. वरच्या बाजूला भरतकामाचं फूल. गळ्याला मात्र चुण्या होत्या, पट्टी सरळ कापलेली. हे मला दिसलं. पण हे मला कुणी शिकवलं? ताईने. मग मला या चुण्या दिसणं हाच पक्षपात झाला. ताई माझी बहीण नसती तर मला त्या दिसल्या नसत्या. म्हणून मी त्या पाहिल्या नाहीत असं ठरवलं. नंबर एकला वीस दिले.

नंबर तीनला मनात वीस आले. त्यातले भाऊ असल्याचे चार काढले. सोळा झाले. मग वाटलं, चारच का काढले? कमी काढले यातही भाऊ असणारच. आणखी चार काढले. बारा लिहिले आणि चिठ्ठीची घडी केली. कचेरीत जावक रजिस्टरला नंबर टाकावा तसा तो आकडा टाकला.

मग चिठ्ठ्या उघडल्या. बेरीज करायचं काम माझंच होतं. मी ती दोनदा केली. नंबर एकला मास्तरांचे अकरा, अध्यक्षबाईंचे वीस, माझे वीस. एक्कावन्न. नंबर तीनला मास्तरांचे तेवीस, अध्यक्षबाईंचे पंधरा, माझे बारा. पन्नास. दोन आणि चार नंबर चाळिशीच्या आतच होते.

अध्यक्षबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला.

"तीनला बारा? तुम्ही दिलेत?"

"हो."

"अहो, पण..." त्या थांबल्या. "मला वाटलं, तुम्ही पुरे पंचवीस देणार. भाऊ आहात, साहजिक आहे. म्हणून मी आपला हात जरा आखडला. वीस देणार होते. पाच कमी केले."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "दोघांनी मिळान माझ्या तेवीस मार्कांची वाट लावल्यात," ते म्हणाले. "आणि त्या एक नंबराचो गळो बघितल्यात? पोराच्या मानेक फोड येतले."

आमच्यापैकी एकानेच नेम दुसरीकडे धरला असता तरी ताई पहिली आली असती. मी माझे वीस दिले असते तरी आली असती. बाईंनी त्यांचे वीस दिले असते तरी आली असती. दोघांनीही एकाच माणसाचा एकच दोष दुरुस्त केला होता, आणि तो दोष माझा होता, तिचा नव्हता.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अजून काही बिघडलेलं नाही. पाकीट उघडलेलं नाही. मी माझे मार्क पुन्हा लिहिते, तुम्ही तुमचे लिहा. बसतं का नियमात?"

खोलीत आम्ही तिघेच होतो. मास्तर माझ्याकडे पाहत होते. उत्तरेच्या खिडकीतून सारखा उजेड येत होता, डोळ्यावर येत नव्हता.

आता इथे काहीतरी सांगण्यासारखं घडायला हवं होतं. म्हणजे माझ्या आत. मी बरंच शोधलं आहे नंतर. काही नव्हतं. दात काढताना दिलेल्या इंजेक्शनने जबडा जड होतो आणि आपलाच ओठ दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लागतो, तसं होतं.

"नाही," मी म्हटलं. "एकदा घडी केलेली चिठ्ठी बदलता येत नाही. नियम पाच."

"नियम तुम्हीच केलेत ना?"

"म्हणूनच."

मास्तर उठले. दारापर्यंत जाऊन वळले. "भाऊसाहेब, तुमचो शर्ट कोणी शिवलो?"

"बहिणीने."

"बरो शिवलो," ते म्हणाले आणि गेले.

नंबर एक घाटकोपरच्या एका बाईंचा निघाला. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या असतील, कुठल्याशा वर्गाचं प्रशस्तिपत्रक होतं त्यांच्याकडे. त्यांचा यात काही दोष नव्हता.

फलकावर लावायचा तक्ता मी संध्याकाळी तिथेच बसून लिहिला. माझं अक्षर चांगलं. कचेरीत निरोपाच्या मानपत्राचं काम माझ्याकडे येत असे. रकाने आखले, वर शाईने परीक्षकांची पदं लिहिली. 'चिटणीस' या रकान्याखाली नंबर तीनसमोर बारा लिहिले. बाराचा दोन जरा पुसट आला होता, तो पुन्हा गिरवला.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो तेव्हा ताई भाजी निवडत होती. ती बाजारातून येताना शाळेवरून आली होती हे पिशवीतल्या माठावरून कळत होतं, माठवाली तिथेच बसायची. मी हातपाय धुतले. चहा झाला. मी बोलायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली,

"अक्षर चांगलं आलंय तुझं."

मी म्हटलं, "ताई, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मी तिला चेंडूचं सांगितलं. आधीही सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं. वळण ओळखून दुसरीकडे नेम कसा धरतात ते. ती निवडत राहिली. देठं एकीकडे, पानं एकीकडे.

"आणि तो चेंडू मी होय?" तिने विचारलं.

"नाही गं. चेंडू मी."

"मग मी कोण? ती पांढरी गोळी?"

ती उठली आणि भाजी धुवायला मोरीवर गेली.

बायकोने रात्रीचं जेवण वाढलं. मग म्हणाली, "तुम्ही परीक्षक झाला नसता आणि ताईंना कुणी ओळखत नसतं तर त्या आल्या असत्या."

"हो."

"म्हणजे तुमची बहीण आहेत एवढंच त्यांचं चुकलं."

"हो."

"भात हवा?"

मी भात घेतला. जेवण व्यवस्थित गेलं, हेही मला आठवतं.

माणसं भांडतात, रडतात, अबोला धरतात. ताईने यातलं काही केलं नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत होती. पहिले काही दिवस मी वाट पाहिली की आता फुटेल, मग फुटेल. मग मीही वाट पाहणं सोडलं.

शिवणवर्ग सुरू झाला. महिनाभराने एका शनिवारी दुपारी मी घरी होतो. दारात घाटकोपरच्या बाई उभ्या. घामेजलेल्या, हातात कापडाची पिशवी.

"ताई आहेत का?"

ताई बाहेर आली. त्या बाईंनी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "बायका तक्रार करतात हो. गळ्याला चुण्या पडतात म्हणतात. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, त्या ताईंकडे जा, मी सांगणार नाही."

मी पेपर वाचत होतो. निदान समोर धरला होता.

"या ना," ताई म्हणाली. "बसा. पाणी घ्या आधी."

त्या चटईवर बसल्या. पिशवीतून कापड काढताना त्यांच्या हातातली किल्ली चटईवर पडली. लांब दांड्याची, शाळेच्या खोल्यांना असते तशी, दोऱ्यात ओवलेली. ताईने कापड पसरलं. वाऱ्याने कोपरा उडत होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, किल्ली उचलली आणि कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवली.

"हे बघा. हा काठ आणि हा काठ. कोपरा दुमडून काठावर काठ आणा. ही जी घडी पडली ना, ही तुमची उरेब रेघ. हिच्या बाजूने पट्ट्या कापायच्या."

"पण कापड फार वाया जातं ना हो असं."

"जातं थोडं," ताई म्हणाली. "तेवढं जाऊ द्यायचं."

त्या तासभर होत्या. ताईने त्यांच्याकडून एक गळा करून घेतला, उसवला, परत करून घेतला. दुसऱ्या वेळी चुणी पडली नाही. बाईंना आनंद झाला. त्यांनी तो गळा खिडकीपाशी नेऊन सगळीकडून पाहिला आणि म्हणाल्या, "मी दर शनिवारी आले तर चालेल का हो?"

"या की. दुपारी मी घरीच असते."

निघताना त्या किल्ली विसरल्या होत्या. ताईने ती कापडाच्या तुकड्यांतून शोधली. जराशी हातात धरली, दोऱ्याची गाठ सैल झाली होती ती दातांनी ओढून घट्ट केली आणि जिना उतरणाऱ्या बाईंना हाक मारली.

"अहो, तुमची किल्ली."

त्या जवळजवळ वर्षभर दर शनिवारी येत होत्या. वर्गाचं नाव चांगलं झालं. वार्षिक अहवालात मी तसं लिहिलं, इंग्रजीत, आणि त्यात ताईचं नाव घातलं नाही, कारण नियमाने ती वर्गाची कुणी नव्हती. अध्यक्षबाईंनी तो मसुदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

पुढच्या दिवाळीला ताईने मला नवा शर्ट शिवला, नेहमीप्रमाणे. अंगाला नीट बसला. बटणं लावताना बोटांना काहीतरी कमी लागलं. उजेडात जाऊन पाहिलं. सहा काजं होती, चांगली होती, सरळ आणि सारखी. तीळ नव्हते.

"ताई, ती गाठ नाही घातलीस?"

ती पणत्यांत वाती घालत होती. "नाही."

"काज फाटेल ना मग."

"फाटलं तर सांग," ती म्हणाली. "परत करून देईन."